आठ घरांत मराठी: १६×२ एलसीडी मॉड्यूलचा अनुभव

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते स्वयंपाकघरात कळावे आणि आईला ते मराठीत वाचता यावे, यासाठी मी निळ्या पडद्याचे १६×२ (दोन ओळी, प्रत्येकीत १६ अक्षरे) एलसीडी मॉड्यूल घेऊन आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या सर्किट बोर्डाला जोडले. हिताचीच्या एचडी४४७८० चिपच्या पद्धतीने चालणाऱ्या या पडद्यात रोमन अक्षरे तयार असतात, अनेक मॉड्यूलांत जपानी काताकानाही असते. देवनागरी मात्र नसते. स्वतःच्या आकृत्यांसाठी ६४ बाइट मिळतात आणि एका आकृतीला आठ बाइट लागतात, म्हणून एका वेळी आठच आकृत्या ठेवता येतात, म्हणजे स्मृतीत आठच घरे असतात.

‘टाकी भरली’ लिहायला ट, काना, क, दुसरी वेलांटी, भ, र आणि ल अशी सात घरे लागली. आठव्यात मी पाण्याचा थेंब काढला. ‘टाकी रिकामी’साठी पहिली वेलांटी आणि म हवे होते, पण दोन्ही संदेश एकाच वेळी दिसायचे नसल्यामुळे भ आणि ल यांच्याच घरांत ते भरले. त्याआधी पडदा पुसणे आवश्यक आहे, कारण घरातील आकृती बदलताच पडद्यावर आधी उमटलेले अक्षरही बदलते. तसेच आकृती घरात भरणाऱ्या ‘क्रिएटचार’ या आज्ञेनंतर लिहिण्याची जागा ठरवणारी ‘सेटकर्सर’ ही आज्ञा दिली नाही, तर पुढचा मजकूर पडद्यावर न उमटता आकृत्यांच्याच स्मृतीत जातो. यात माझी एक संध्याकाळ गेली.

खरी कसोटी अक्षर काढण्याची आहे. पडद्यावर एका अक्षराच्या चौकटीत रुंदीला ५ आणि उंचीला ८ ठिपके असतात. वेलांटीच्या वळणासाठी वरच्या दोन ओळी सोडून तिसरीवर शिरोरेषा घेतली, तेव्हा अक्षराच्या अंगाला पाचच ओळी उरल्या. र आणि ट सहज जमले. भ चार वेळा खोडून पुन्हा काढावा लागला. शिवाय दोन चौकटींमध्ये काचेवरच फट असल्यामुळे शिरोरेषा तुटकच दिसते आणि त्यावर प्रोग्राममध्ये काहीही उपाय नाही. तरीही चार हातांवरून आई चष्म्याशिवाय वाचते, आणि माझ्या दृष्टीने हे या पडद्याचे मोठे यश आहे.

दुकानदाराने मागच्या आय-टू-सी पट्टीचा (कमी तारांत पडदा आर्डुइनोला जोडणाऱ्या छोट्या सर्किटचा) पत्ता, म्हणजे प्रोग्राममध्ये द्यायचा तिचा क्रमांक, हेक्स (सोळा-आधारी) २७ सांगितला होता, प्रत्यक्षात तो ३एफ निघाला. त्यामुळे पत्ता शोधणारा छोटा प्रोग्राम आधी चालवावा. पडदा कोरा दिसला तर मॉड्यूल परत करण्यापूर्वी मागचा निळा पोटेन्शिओमीटर (अक्षरांचा ठळकपणा कमी-जास्त करणारा स्क्रू) पेचकसाने हळूहळू फिरवून पाहावा.

ठरलेल्या दोन-चार शब्दांसाठी मी हे मॉड्यूल निःशंकपणे सुचवेन. जोडाक्षरे किंवा सतत बदलणारा मजकूर हवा असेल, तर प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उजळता येणारा १२८×६४ चा ओएलईडी पडदा घ्यावा.