कपाशी की सोयाबीन-तूर? हवेतला कार्बन आणि काळ्या मातीतले स्फुरद

नागपूर जिल्ह्यात काटोल, कळमेश्वर किंवा उमरेडकडे कोरडवाहू काळी जमीन असणाऱ्या शेतकऱ्यापुढे मे महिन्यात एक प्रश्न हमखास उभा राहतो: कपाशी लावावी, की तुरीची तासे टाकून सोयाबीन पेरावे? भाव, मजुरी आणि बोंडअळी यांचा हिशेब ज्याचा त्याने मांडलेलाच असतो. येथे तुलना केली आहे ती हवेत वाढत चाललेला कार्बन डायऑक्साइड आणि जमिनीतली अन्नद्रव्ये या दोनच अंगांनी.

हवाई बेटांवरील मौना लोआ येथे 1958 मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 315 भाग होते. आज ते 420 च्या पुढे गेले आहेत. कपाशी, सोयाबीन आणि तूर ही तिन्ही पिके सी-3 गटातली, म्हणजे हवेतला हा वायू पानात आधी एकवटून न घेता थेट वापरणारी, असल्यामुळे वायू वाढला की त्यांचे प्रकाशसंश्लेषण वाढते आणि पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) थोडी मिटून पाण्याचीही बचत होते. उघड्या शेतात वायू सोडून केलेल्या प्रयोगांत, सुमारे 550 भागांच्या पातळीला, अमेरिकेतील ॲरिझोनात कपाशीचे उत्पादन जवळजवळ 40 टक्क्यांनी आणि इलिनॉयमध्ये सोयाबीनचे सुमारे 15 टक्क्यांनी वाढले. हे आकडे पाहून कपाशीकडे झुकण्याचा मोह होईल, पण ॲरिझोनातल्या त्या कपाशीला पाणी आणि खत मुबलक मिळाले होते, आणि आपल्या कोरडवाहू शेतात नेमकी त्याचीच वानवा असते.

कपाशीला नत्र (नायट्रोजन) मातीतूनच घ्यावे लागते. वाढीव कार्बनमुळे झाड अंगाने फोफावते, पण त्या वेगाने नत्र मिळाले नाही तर पानांतले नत्राचे प्रमाण घटते आणि सुरुवातीचा वेग पुढे टिकत नाही. बीटी कपाशीत एक भर आणखी पडते: नत्र कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त अशा स्थितीत पानांतील बोंडअळीला मारणारे बीटी प्रथिनही कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या काळ्या जमिनीत पालाश (पोटॅशियम) सहसा पुरेसा असतो, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब बहुधा कमी असतात. त्यामुळे युरिया दोन-तीन हप्त्यांत, ओल पाहून देण्याची तयारी नसेल तर हवेतल्या वाढीव कार्बनचा लाभ कपाशीच्या बोंडांपेक्षा पऱ्हाटीच्या जाडीतच अधिक दिसेल. कपाशीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्यामुळे रुईबरोबर शेतातून अन्नद्रव्ये फारशी जात नाहीत. जातात ती सरकीतून.

सोयाबीन आणि तुरीचे गणित वेगळे आहे. पानांत तयार झालेली जास्तीची साखर मुळांवरच्या गाठींतील रायझोबियम जिवाणूंना मिळते आणि त्या बदल्यात पिकाला हवेतले नत्र अधिक मिळते, म्हणून नत्राच्या तुटवड्याचा फटका त्यांना कमी बसतो. गव्हाच्या दाण्यातले प्रथिन वाढीव वायूमुळे घटते, शेंगवर्गीय पिकांत ते बहुतांशी टिकते. जस्त आणि लोह मात्र सोयाबीनमध्येही थोडे कमी होतात. तरी ‘सोयाबीन जमीन सुधारते’ हा समज मी पूर्ण मान्य करणार नाही, कारण दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिन असल्यामुळे काढणीबरोबर बरेचसे नत्र शेताबाहेर जाते आणि कुटारही उचलले तर मागे फार थोडे राहते. तुरीचा पानगळीचा पाला त्या मानाने अधिक उपयोगी पडतो.

गाठींना स्फुरद (फॉस्फरस) भरपूर लागते आणि आपल्या चुनखडीच्या, सामू (पीएच) 8 च्या आसपास असलेल्या जमिनीत ते कॅल्शियमशी बांधले जाते. जस्ताचीही तीच अडचण आहे. स्फुरद तुटीत असेल तर शेंगवर्गीय पिकाची ही सारी सरशी संपते, म्हणून खताची निवड येथे बियाण्याच्या वाणाइतकीच महत्त्वाची ठरते. डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेटच्या) 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र मिळते, गंधक मिळत नाही; सिंगल सुपर फॉस्फेटच्या तशाच तीन गोण्यांत 24 किलो स्फुरद आणि वर सुमारे 16 किलो गंधक येते, ज्याची सोयाबीनला प्रथिनासाठी गरज असते. वाहतुकीचा त्रास तिप्पट आहे, तरी सोयाबीनसाठी मी सुपरच घेईन. झिंक सल्फेट मात्र स्फुरदयुक्त खतात कालवू नये, वेगळे द्यावे.

मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली आणि नत्र कमी दाखवले असेल, तर माझा कौल सोयाबीन-तुरीला आहे, मात्र सुपर आणि रायझोबियमची बीजप्रक्रिया यांचा खर्च आधी बाजूला काढूनच. जमीन खोल आणि भारी असेल, शेणखत दरवर्षी पडत असेल आणि एखादे संरक्षित पाणी देता येत असेल, तर कपाशी वाढीव कार्बनचा चांगला उपयोग करून घेईल. बांधालगतच्या हलक्या बरड पट्ट्यात दोन्हीऐवजी ज्वारी घ्यावी. ती सी-4 गटातली, म्हणजे वायू पानात आधीच एकवटून घेणारी, असल्याने वायूचा थेट लाभ तिला नगण्य मिळतो, पण पावसाने ओढ दिली की पर्णरंध्रे मिटून वाचलेले पाणी तिच्या कामी येते.