कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत कामाची एकच पद्धत, की गाभा समान आणि बाकी स्थानिक?

चिंचोळी एमआयडीसीतल्या परदेशी कंपनीत असलेल्या भाच्यानं विचारलं, "मामा, कुठली लावावी?"

खर्चात एकच पद्धत स्वस्त. 6205 या एकाच मापाच्या बेअरिंगला तीन कारखान्यांत तीन कोड असले, की एकीकडं पडून असलेलं बेअरिंग दुसरीकडं नव्यानं मागवलं जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

टिकण्यात मात्र ती कमी पडते. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. परराज्यात जाणाऱ्या 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीची ऑनलाइन नोंद, लागते. मुख्यालयाच्या फॉर्मात त्याला रकानाच नसला, तर पोरं बाजूला एक्सेल काढतात आणि खरा हिशेब तिथंच राहतो.

मेहनत दुसरीत जास्त. कुठल्या कारखान्याला कशात वेगळं वागायची मुभा आहे, ते प्रत्येक वेळी लिहून ठेवावं लागतं.

कारखाने एकाच देशात असतील तर पहिली. तुझ्यासारखे तीन देशांत असतील तर दुसरीच: कोड, तपासणी, सुरक्षितता समान, कर, पगार, डिस्पॅच (माल पाठवणं) स्थानिक.