लिओनार्दो दा विंचीचं खडू-कोळशाचं चित्र, नॅशनल गॅलरी, लंडन: वेळ काढूनच जा

सत्तावीस वर्षं मी सांगलीत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना शेडिंग समजावताना या चित्राची वहीएवढी छापील प्रत वर्गात फिरवायचे. येशूची आई मेरी, तिची आई अ‍ॅन, बाळ येशू आणि छोटा जॉन, म्हणजे पुढे बाप्तिस्मा देणारा संत योहान. यंदा मुलीकडे लंडनला गेले, तेव्हा मूळ चित्र पाहिलं.

आत शिरल्यावर आधी अंधारल्यासारखं वाटतं. कागद जपायचा म्हणून उजेड मंद ठेवलाय. लगेच मागे फिरू नका, डोळे सरावू द्या. मग चौघं हळूहळू पुढे येतात, जवळपास खऱ्या माणसांएवढी! चित्र साधारण 142 सेंटीमीटर उंच आणि 105 रुंद आहे. एवढा कागद कुठून आणणार? म्हणून आठ कागद एकमेकांना चिकटवलेत.

मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती अ‍ॅनच्या हातापाशी. वर स्वर्गाकडे बोट दाखवणारा हात, पण नुसती बाह्यरेषा. छापील प्रतीत तो पुसट छापला गेलाय असंच वाटायचं. तो तसाच सोडलेला आहे. आणि मग मेरीचा चेहरा बघा: सावली कुठे सुरू होते ते बोट ठेवून सांगता येत नाही. कोळसा घासून घासून मुरवलाय, वर पांढऱ्या खडूचा हलका हात. मी काचेकडे इतकी वाकले, की मुलगी म्हणाली, "आई, मागे हो, अलार्म वाजेल."

भरतकामाचा नमुना कापडावर उतरवताना आपण कागदाला सुईने टोचे मारतो आणि वरून रॉकेल-निळीचा बोळा फिरवतो ना, तिकडेही रंगचित्रासाठी काढलेले असे मोठे आराखडे टोचे मारून, कोळशाची पूड झिरपवून रंगवायच्या फळीवर उतरवत. या कागदाला टोचे नाहीत. म्हणजे रंगवायला घेतलाच नाही, खडूतच राहिला.

1962 मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करून, सरकारी मदतीची भर घालून, हे चित्र 8 लाख पौंडांना देशात राखलं. 1987 मध्ये एकाने त्यावर बंदूक झाडली. छर्रे काचेने अडवले, पण फुटलेल्या काचेने मेरीच्या अंगावरचा कागद फाटला. ती दुरुस्ती मला शोधूनही दिसली नाही. करणाऱ्यांना माझा नमस्कार.

प्रवेश फुकट आहे. त्यामुळे एका दिवसात सगळी गॅलरी उरकायचा अट्टहास नको, पाय दुखतात आणि लक्षात काही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परत गेले, वही आणि पेन्सिल घेऊन. अ‍ॅनचा तेवढा हातच काढला. दोन तास गेले.