पोयनाडजवळच्या काकींचा कलिंगडाचा स्टॉल: चार स्टार, पाचवा हवेने खाल्ला

वडखळवरून अलिबागला जाताना पोयनाड गेलं की कार्लेखिंडीच्या अलीकडे रस्त्याला लागून बरेच स्टॉल दिसतात, पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या आणि खाली पेंढ्यावर कलिंगडं. त्यातलाच हा एक. नाव नाही बोर्ड नाही, मागे लगेच त्यांचंच शेत, हीच काय ती खूण. आजकाल निम्मे लोक भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने थेट मांडव्याला उतरतात त्यामुळे ही लाइन त्यांना लागतच नाही, पण आम्ही डोंबिवलीचे, आम्हाला वडखळचं ट्रॅफिक खाल्ल्याशिवाय अलिबाग दिसत नाही, मग निदान कलिंगड तरी चांगलं मिळावं.

आता रिव्ह्यू लिहायचं कारण. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो, होळीच्या आसपास. स्टॉलवर दोन ढीग. मी आपला सवयीने मोठ्या, चकचकीत ढिगाकडे गेलो आणि टिचक्या मारायला लागलो (आवाजातलं मला काही कळत नाही, पण मारायच्या). काकी म्हणाल्या, दादा तो नको नेऊ, तो आधीच्या लागवडीचा आहे, ज्यूसवाला येणार आहे त्याच्यासाठी ठेवलाय. मी म्हटलं दिसतोय तर भारी. त्यांनी काही न बोलता त्यातलं एक उचललं आणि कोयत्याने मधोमध कापलं. रंग लाल होता, पण मध्ये तीन बाजूंना फाटल्यासारखी पोकळी, मूठ जाईल एवढी. खाल्लं तर गोडसर पण पाणचट. मग दुसऱ्या ढिगातलं कापलं, छोटं, साधारण अडीच किलोचं, वरून जरा मळकट हिरवं. आतून गच्च, रवाळ गर, बी काळीभोर, आणि फोड उचलली की मनगटापर्यंत ओघळ. दोन्ही फळं एकाच कंपनीच्या बियाणाची, एकाच मल्चिंग पेपरवर (मातीवर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद), एकाच ठिबकवर, मधे फक्त तीन आठवड्यांचा फरक.

हा फरक कसला ते काकांनी सांगितलं, आणि मला वाटतं स्टॉलवर मिळणारी सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे. इथे कलिंगड लागतं भाताच्या खाचरात. भात कापून झालं, जमीन वाफशावर आली, म्हणजे नांगरता येईल इतपत सुकली, की मग नांगर, बेड, पेपर, लागवड. पूर्वी हे नोव्हेंबरात आरामात व्हायचं. 2025 ला दिवाळी होऊन गेली तरी पाऊस हटायला तयार नव्हता, कापलेलं भात खाचरात भिजलं, जमीन सुकायलाच वेळ गेला. आणि दुसऱ्या बाजूने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतोय. 2025 ला मार्चच्या सुरुवातीला होता, यंदा फेब्रुवारीतच लागला. कलिंगडाला खरा भाव रमजानमध्ये, इफ्तारला सगळीकडे लागतं ना. म्हणजे माल लवकर हवा आणि शेत उशिरा मोकळं होणार. दोन-सव्वादोन महिन्यांचं पीक, गणित तुम्हीच करा. काकांनी निम्म्या शेतात घाईघाईने लागवड केली, अर्धवट ओल्या मातीत, आणि उरलेल्यात जमीन सुकल्यावर. पहिल्या ढिगातली कलिंगडं म्हणजे ती घाई.

पोकळी का पडते हे मी विचारलं तर त्यांनी मला सरळ बांधावर नेलं. कलिंगडाच्या वेलाला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मादी फुलाच्या मागे वाटाण्यापेक्षा थोडं मोठं लव असलेलं बाळ कलिंगड चिकटलेलंच असतं. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी संपतं, तेवढ्या वेळात मधमाश्या आल्या तर आल्या. थंडी, धुकं, मळभ असलं की माशी बाहेर पडत नाही, मग फळ अर्धवट भरतं, कधी दुधीसारखं एका बाजूला बारीक राहतं, कधी आत पोकळ. नुसतं हेच कारण असतं असं नाही, थंडीत अडकलेली वाढ नंतर उन्हात एकदम सुटली तरी गर फाटतो असं काका म्हणाले. मी आजपर्यंत पोकळ कलिंगड म्हणजे औषध मारलेलं, इंजेक्शन दिलेलं असं समजत होतो आणि घरात सगळ्यांना ठासून सांगतही होतो. (इंजेक्शनवर काकी एवढ्या हसल्या की विचारू नका. म्हणे दादा, भोक पाडलं तर दोन दिवसात सडेल, आणि एवढ्या कलिंगडांना टोचत कोण बसणार, तू?)

मागच्या वर्षीची म्हणजे 2025 ची गोष्ट उलटी. तो फेब्रुवारी देशात 1901 पासूनचा सगळ्यात गरम फेब्रुवारी होता, शेवटच्या आठवड्यात तर मुंबई-रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. तेव्हा गेलो होतो तर काकी फळांवर भाताचा पेंढा पांघरत होत्या, लहान पोरांना चादर घालतात तसा. जी राहून गेली त्यांच्या उन्हाकडच्या बाजूला पिवळट पांढरा चट्टा, आणि आतला गर त्या जागी उकडल्यासारखा मऊ. ती त्यांनी वेगळी काढून अर्ध्या भावात दिली, आम्ही चट्टा काढून खाल्ली, चांगली होती. आणि मे महिन्यात परत गेलो तेव्हा मांडवच उठलेला. पाऊस त्या वर्षी 26 मेलाच मुंबईत पोहोचला होता, आणि त्याच्या आधीही आठवडाभर झोडपत होता. शेवटच्या तोड्याला आलेली फळं वेलावरच तडकली. तोडायच्या आधी काही दिवस पाणी बंद करतात, गोडी भरायला, आणि नेमकं तेव्हा वरून पाणी आलं की फळ फुगून फाटतं.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर लोक म्हणतील नातेवाईक आहे. पार्किंग नावाची गोष्ट नाही, शनिवार-रविवारी गाडी अर्धी रस्त्यावर ठेवावी लागते आणि मागून बसवाले शिव्या घालतात. यूपीआय आहे पण रेंज मूडवर, कॅश ठेवा. कापलेल्या फोडी उघड्यावर असतात, माश्या बसतात, मी एकदा सांगितलंही, तेव्हा जाळी आणली, पुढच्या वेळी जाळी कांद्यांवर होती! ज्यूस घेऊ नका, बर्फच जास्त. भाव किलोला 25 सांगतात, घासाघीस चालत नाही. आमच्या सोसायटीच्या बाहेर गाडीवाला 40 ने देतो, त्यामुळे मला तरी तक्रार नाही. आणि यंदा घेतलेल्या चारपैकी एक घरी आल्यावर फिकट गुलाबीच निघालं. फोटो पाठवला तर काकींचा व्हॉइस मेसेज आला की पुढच्या वेळी एक फुकट ने. अजून नेलं नाही, पण नेणार.

निवडायचं कसं ते पण सांगून टाकतो. देठाजवळची कुरळी तार वाळलेली हवी, जमिनीला टेकलेला डाग पांढरा नको, लोण्यासारखा पिवळा हवा. कच्चं तोडलेलं कलिंगड घरी ठेवून गोड होत नाही, तो आंबा नाही. आणि सालीवरचा पांढरा भाग फेकू नका, हिरवं सोलून त्याची चण्याची डाळ घालून दुधीसारखी भाजी होते, आमच्या आईने केली तर बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही कशाची आहे.

चार स्टार. या शनिवारी परत जाणार होतो, निघायच्या आधी फोन केला. काकी म्हणाल्या तीन दिवस मळभ आहे, फळ भरलेलं नाही, उगाच पेट्रोल जाळू नको, पुढच्या शनिवारी ये, आणि येताना सकाळी फोन कर.