थायरॉईडची गोळी चालू असताना कॅल्शियम कोणतं: कार्बोनेट की सायट्रेट?

मावशीचा प्रश्न: सकाळी थायरॉक्सिन घेते, पाळी गेली, डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत हाडं ठिसूळ आली, आता कॅल्शियमची गोळी कोणती? पाकिटावरच्या 'ॲडव्हान्स्ड'कडे बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

कार्बोनेटमध्ये वजनाच्या 40 टक्के कॅल्शियम, सायट्रेटमध्ये 21. म्हणजे 1250 मिलिग्रॅम कार्बोनेटच्या एका गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. सायट्रेटच्या गोळ्या जास्त लागतात, खर्चही वाढतो.

पोटाचं गणित उलटं. कार्बोनेटला आम्ल लागतं, म्हणून ते जेवणासोबतच. वर गॅस, बद्धकोष्ठता. सायट्रेट उपाशीपोटीही चालतं.

थायरॉक्सिनशी मात्र दोघांचंही वाकडं. आतड्यात त्याला धरून ठेवतात, म्हणून चार तासांचं अंतर हवंच: सकाळी सहाला गोळी, तर कॅल्शियम दुपारच्या जेवणाला. (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला टीएसएच फार खाली गेला असेल, म्हणजे थायरॉक्सिन जास्त होत असेल, तर आधी त्याचा डोस तपासून घ्या. जास्तीचं थायरॉक्सिनच हाडं झिजवत असेल, तर नुसतं कॅल्शियम ओतून काय होणार?)

पचन ठीक असेल तर कार्बोनेट पुरे. पोटातलं आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलसारखी गोळी रोजची असेल किंवा मुतखडा होऊन गेला असेल, तर डॉक्टरांशी सायट्रेटबद्दल बोला.