चालता चालता इंजिन बंद पडतं: रिकॉल, क्रँक सेन्सर की फ्युएल पंप?

गाडी सात-दहा वर्षांची. साठच्या वेगात इंजिन अचानक गप्प होतं, कडेला घेऊन दहा मिनिटं थांबलं की काहीच न झाल्यासारखं सुरू होतं. गॅरेजमध्ये नेली तर दिवसभर नीट चालते. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, बॅटरी बदलली जाते, टाकीतून पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा फ्युएल पंप बदलला जातो आणि आठवड्याने गाडी पुन्हा बंद पडते. इथे मालकाला दोन गोष्टी ठरवायच्या असतात: संशय कोणावर घ्यायचा आणि गाडी कोणाकडे न्यायची. त्याआधी पाच मिनिटांचं एक फुकटचं काम उरकून घ्यावं, ते म्हणजे रिकॉल तपासणं: सदोष भाग फुकट दुरुस्त करायला कंपनीने ही गाडी परत बोलावली आहे का, हे पाहणं.

रिकॉल: काय मिळतं, काय नाही

आरसीवरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या रिकॉलच्या पानावर टाका. आरसीवर नंबर पुसट असेल तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर नंबर देऊन 'या गाडीवर कोणतं कॅम्पेन बाकी आहे का' एवढंच विचारा. त्यांच्या भाषेत रिकॉलला 'कॅम्पेन' म्हणतात. रिकॉल चेसिस नंबरला चिकटलेला असतो, मालकाला नाही. गाडी तिसऱ्या हातात असली तरी काम फुकट होतं, फक्त कंपनीचं पत्र किंवा एसएमएस पहिल्या मालकाकडे गेलेला असतो. म्हणूनच जुनी गाडी घेणाऱ्याने हे स्वतः तपासायचं.

इंजिन बंद पडण्याशी थेट संबंध असलेले रिकॉल आपल्याकडे कमी नाहीत. मारुतीने जुलै २०२० मध्ये १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या: १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ दरम्यान बनलेल्या एक लिटर इंजिनाच्या वॅगनआर आणि ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ दरम्यानच्या पेट्रोल बलेनो. मार्च २०२४ मध्ये पुन्हा ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर बोलावल्या. त्या ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळातल्या होत्या आणि दोष पंपाच्या मोटरच्या एका भागात होता. होंडाने एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ गाड्या पंपातल्या सदोष इंपेलरसाठी (पेट्रोल ढकलणारा पंखा) बोलावल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या मॉडेल्सच्या ९०,४६८ गाड्यांचा पंप बदलण्याचं जाहीर केलं.

होंडाच्या या शेवटच्या रिकॉलमध्ये एक बारकावा आहे. आधी दुरुस्तीत ज्यांना हाच पंप सुटा भाग म्हणून बसवला गेला, अशा गाड्याही त्यात होत्या. म्हणजे 'माझ्या गाडीचा पंप तर मागेच बदललाय' हे उत्तर पुरेसं नाही. तो पंप कोणत्या वर्षी आणि कुठून घेतला, हे बिलावर पाहावं लागतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१२ पासून आपल्याकडे कंपन्यांची स्वेच्छेची रिकॉल पद्धत होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम ११०अ १ एप्रिल २०२१ पासून लागू झालं आणि सरकारला रिकॉलचा आदेश देता येऊ लागला. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण या सक्तीची हद्द सात वर्षांच्या आतल्या वाहनांपुरती आहे. दहा-बारा वर्षांच्या गाडीवर नवा सक्तीचा रिकॉल येईल म्हणून थांबून राहण्यात अर्थ नाही. जुना, न झालेला रिकॉल बाकी असेल तर तो मात्र करून घ्यायचाच.

रिकॉल लागू निघाला तरी तो ठरावीक तारखांच्या ठरावीक भागापुरता असतो. पंप फुकट बदलून मिळाला आणि मूळ दोष क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय की नाही हे गाडीच्या संगणकाला कळवणारा सेन्सर) असेल, तर गाडी बंद पडतच राहील. तेव्हा पुढची तपासणी टळत नाही.

इंजिन 'कसं' बंद पडलं?

मेकॅनिकला सांगताना लोक 'बंद पडते' एवढंच सांगतात. खरी माहिती त्या दोन सेकंदांत असते: स्विच बंद केल्यासारखं एका झटक्यात गेलं, की आचके देत, पिकअप मरत गेलं? डॅशबोर्डचे दिवे पेटले, की सगळा क्लस्टरच (मीटरचा पॅनल) काळा झाला? सिग्नलला उभी असताना, की घाट चढताना?

क्लस्टर काळा झाला, रेडिओही गेला, तर सेन्सर आणि पंप दोन्ही बाजूला ठेवा. तो करंटचा प्रश्न आहे: बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज, अर्थिंगची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनाला जोडणारी) किंवा इग्निशन स्विच. फक्त आयडलला (उभ्या गाडीत, अॅक्सिलरेटर न देता), एसी चालू असताना बंद पडते आणि अॅक्सिलरेटरवर थोडा पाय ठेवला की टिकते, तर इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतला कार्बन किंवा कुठेतरी फाटलेला व्हॅक्यूम पाइप. साफसफाईनंतर काही गाड्यांत स्कॅनरने आयडल पुन्हा शिकवावा लागतो, नाहीतर 'साफ केलं आणि जास्तच बिघडलं' असं वाटतं.

उरलेल्या बहुतेक प्रकरणांत निवड दोघांतच असते.

| | क्रँक सेन्सर | फ्युएल पंप |
|---|---|---|
| बंद पडण्याची तऱ्हा | एका झटक्यात, आधी काही कळत नाही | बहुधा आचके, पिकअप कमी, मग बंद |
| केव्हा | इंजिन चांगलं तापल्यावर | चढावर, जास्त वेगात, टाकीत पेट्रोल कमी असताना, उन्हात |
| पुन्हा सुरू होणं | १०–३० मिनिटांनी, थंड झाल्यावर | कधी लगेच, कधी बराच वेळ नाही. सुरू होताना लांब सेल्फ लागतो |
| सेल्फ मारताना आरपीएम | शून्यावरच | साधारण २००–३०० दिसतात |
| स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड | पी०३३५ किंवा त्याच्या आसपासचा; कधी काहीच नाही | पुष्कळदा काहीच नाही, नाहीतर लीन मिक्स्चरचा (हवा जास्त, पेट्रोल कमी) पी०१७१ |
| खर्च | भाग स्वस्त, काम तासाभराचं | भाग कैक पटीने महाग |

तक्त्यातली चौथी ओळ सर्वांत भरवशाची. त्याहून चांगली खूण चालत्या गाडीत मिळते. मॅन्युअल गिअरची गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर इंजिन मेलं तरी चाकं त्याला फिरवत असतात. म्हणजे आरपीएमचा काटा वेगासोबत हळूहळू खाली यायला हवा. गाडी धावत असताना काटा धाडकन शून्यावर पडला, तर ईसीयूला (इंजिन चालवणारा संगणक) क्रँकचा सिग्नलच मिळत नाही: सेन्सर, त्याची वायर किंवा कपलर (वायरीची जोडणी). काटा वेगाबरोबर उतरला तर सेन्सर जागा आहे, पेट्रोल किंवा ठिणगी कमी पडतेय. हे पाहायचं काम शेजारी बसलेल्याचं. चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर हवेत, कारण इंजिन गेलं की स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच उरतो. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच घट्ट दाबा. आणि गाडी थांबेपर्यंत चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टीअरिंग लॉक होईल.

गॅरेजमध्ये सर्रास होणारी एक चूक इथे सांगायला हवी. क्रँकचा सिग्नल गेला की ईसीयू सुरक्षेसाठी पंपाचा रिलेही (करंट चालू-बंद करणारा स्विच) लगेच सोडून देतं. मग मेकॅनिक टेस्ट लॅम्प लावतो, 'पंपाला करंट येत नाही' म्हणतो आणि पंप किंवा वायरिंग उघडायला घेतो. खरी चाचणी अशी: चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद गुणगुण ऐकू आली तर पंप, फ्यूज, रिले तिघेही निदान जिवंत आहेत. आता सेल्फ मारताना पंप गप्प राहत असेल आणि आरपीएम शून्य असेल, तर क्रँक सेन्सरकडे जा.

गाडी गरम होऊन बंद पडलेली असताना सेन्सरवर ओलं फडकं धरलं किंवा थोडं गार पाणी टाकलं आणि इंजिन लगेच सुरू झालं, तर निदान जवळपास पक्कं. सेन्सर गिअरबॉक्स इंजिनला जोडतो त्या घंटेसारख्या भागाजवळ किंवा क्रँक पुलीपाशी असतो. शेजारी सायलेन्सरचा तापलेला पाइप असू शकतो, हात जपून. दोन वायरींचा सेन्सर मल्टिमीटरवर ओहममध्ये मोजता येतो, पण थंड असताना बरोबर आकडा आला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. तीन वायरींचा हॉल सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) ओहममध्ये मोजण्यात अर्थच नाही.

पंपासाठी खरा पुरावा म्हणजे पेट्रोलचा दाब मोजणारं प्रेशर गेज. बहुतेक रिटर्नलेस एमपीएफआय गाड्यांत (इंजेक्टरवाल्या, जादा पेट्रोल इंजिनाकडून टाकीत परत नेणारी नळी नसलेल्या) ३ ते ४ बार प्रेशर असतं. त्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. आयडलला बरोबर आणि रेस दिल्यावर पडत असेल तर पंप किंवा चोंदलेला फिल्टर. पंपाला दोष देण्याआधी त्याच्या कपलरवर पंप चालू असताना व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्टहून जास्त कमी असेल तर पंप नाही, वायर किंवा काळवंडलेली पिन दोषी आहे. रिलेची शंका असेल तर फ्यूज बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले (पुष्कळदा हॉर्नचा) अदलाबदल करून दोन दिवस चालवा. पैसे शून्य. टाकीखाली ठोकल्यावर गाडी सुरू झाली तर पंपाचे ब्रश गेलेत. त्यावर आणखी महिना काढायचा नाही.

करंटवाल्या शक्यतेला दोन मोजमापं पुरतात. चालू इंजिनवर बॅटरीला साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग पट्टी काढून, घासून पुन्हा बसवा. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ही पट्टी आतून हिरवी पडते, बाहेरून धड दिसते. इग्निशन स्विचसाठी इंजिन चालू ठेवून चावी हलकेच हलवून पाहा आणि किल्ल्यांचा जुडगा काढून टाका. ही बाब क्षुल्लक वाटत असेल तर अमेरिकेतलं उदाहरण पाहा: जनरल मोटर्सच्या शेवरले कोबाल्टसारख्या गाड्यांत चावी धक्क्याने 'ऑन'वरून सरकायची, इंजिन जायचं आणि एअरबॅगही उघडत नसत. २०१४ मध्ये त्यासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. तिकडे राहणाऱ्यांनी जुनी गाडी घेताना एनएचटीएसएच्या (तिथली सरकारी वाहन सुरक्षा संस्था) संकेतस्थळावर नंबर टाकून पाहावा. न झालेला रिकॉल तिथे बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांचा एकाच जागी दिसतो.

सीएनजी असेल तर सगळ्यात आधी दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर एकदाही बंद पडली नाही तर वरचं सगळं विसरा आणि लो-प्रेशर फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅस इंजेक्टर बघा. उलट फक्त पेट्रोलवर बंद पडत असेल तर त्याचं कारण बहुधा सवयीत आहे: टाकीत कायम दोन लिटर पेट्रोल. पंप पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी निदान पाव भरलेली ठेवायची.

कोणाकडे न्यायची?

स्वतः: एप्रिल २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांत स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी पोर्ट (बिघाडाचे कोड वाचायची जागा) मिळतं. त्यात बसणारा ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आसपास येतो. साठवलेले कोड, फ्रीझ फ्रेम (बिघाडाच्या क्षणाची नोंद) आणि लाइव्ह आरपीएम एवढं त्याने दिसतं, आणि वरच्या निम्म्या चाचण्यांना तेवढं पुरतं. अधूनमधून उद्भवणाऱ्या बिघाडात याचा खरा फायदा हा की बिघाड होतो तेव्हा स्कॅनर गाडीतच असतो, गॅरेजमध्ये नसतो. कोड घाईघाईने पुसू नका आणि बॅटरी काढू नका; फ्रीझ फ्रेम जाते आणि तोच एक साक्षीदार असतो.

ऑटो इलेक्ट्रिशियन: वायर, कपलर, अर्थिंग, इग्निशन स्विच, रिले यांसाठी हाच माणूस. आठवडाभर गाडी ठेवून घेऊन, गरम करून, हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवून बघायची तयारी याच्याकडे असते. मजुरी कमी. धोका भागांचा: कमी किमतीचा नकली क्रँक सेन्सर दोन-तीन महिन्यांत तीच तक्रार परत आणतो. भाग स्वतः कंपनीच्या पार्ट काउंटरवरून आणून द्यावा.

अधिकृत सर्व्हिस सेंटर: रिकॉल, इमोबिलायझर (चावी ओळखणारी यंत्रणा), ईसीयू प्रोग्रॅमिंग आणि अस्सल पंप यांसाठी इथेच. पण दोष त्यांच्यासमोर घडला नाही तर 'नो फॉल्ट फाउंड' लिहून गाडी परत मिळण्याची शक्यता इथेच जास्त, आणि पंपाऐवजी संपूर्ण मॉड्यूल बदलण्याचं एस्टिमेटही इथेच येतं.

गाडी २०१७ ते २०२० मधली असेल आणि आचके देत बंद पडत असेल, तर आधी अधिकृत सेंटर, रिकॉलसाठी. त्याहून जुनी असेल, झटक्यात बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर स्कॅनर घ्या, आरपीएम बघा आणि अस्सल सेन्सर घेऊन इलेक्ट्रिशियनकडे जा. क्लस्टर काळा पडत असेल तर थेट इलेक्ट्रिशियन.

जॉब कार्डवर 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' लिहू देऊ नका. 'चालत्या गाडीत इंजिन बंद पडते, आरपीएम लगेच शून्य, साधारण २० मिनिटांनी सुरू, आठवड्यात ३ वेळा, टाकी अर्धी' असं लिहून घ्या आणि बदललेला जुना भाग परत मागा. त्यावरचा पार्ट नंबर नव्याशी जुळवून बघता येतो.