आधी 'स्पेस ओडिसी' बघावा की 'ब्लेड रनर'?

२००४ साली 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रानं ६० शास्त्रज्ञांना विचारलं, सर्वोत्तम विज्ञानपट कोणता? पहिला आला 'ब्लेड रनर', दुसरा '२००१: अ स्पेस ओडिसी'. चार वर्षांनी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या यादीत बरोबर उलट झालं. तिथं 'स्पेस ओडिसी' पहिला आणि 'ब्लेड रनर' थेट सहावा. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकानं जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा तर सगळ्या काळातल्या, सगळ्या प्रकारच्या चित्रपटांत 'स्पेस ओडिसी' अव्वल ठरला.

गंमत बघा. ज्यात विज्ञान काटेकोर आहे तो सिनेमावाल्यांना प्यारा आणि ज्यात विज्ञान जवळजवळ नाहीच तो शास्त्रज्ञांना. त्यामुळे कोणता श्रेष्ठ यावर चाहते भांडायला लागले की रात्र पुरत नाही. पण ज्यानं दोन्ही पाहिलेले नाहीत आणि ज्याच्या हाताशी एकच मोकळी संध्याकाळ आहे, त्याचा प्रश्न साधा असतो: आधी कोणता? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. माझ्या लेखी मोठा चित्रपट 'स्पेस ओडिसी' आहे, पण घरी टीव्हीवर बघणार असाल तर सुरुवात 'ब्लेड रनर'पासून करा. का, ते पुढे.

दोघांची मुळं एकाच वर्षात सापडतात. स्टॅन्ली कुब्रिकचा 'स्पेस ओडिसी' एप्रिल १९६८ मध्ये पडद्यावर आला. फिलिप के. डिकची ज्या कादंबरीवरून दिग्दर्शक रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' झाला, तीही १९६८ चीच. नातं तेवढ्यावर थांबत नाही. 'स्पेस ओडिसी'च्या शेवटी अंतराळवीर रंगांच्या बोगद्यातून ओढला जातो, ती दृश्यं ज्या डग्लस ट्रम्बुलनं घडवली, त्याच्याच चमूनं 'ब्लेड रनर'मधलं धुराड्यांचं, ज्वाळांचं लॉस एंजेलिस उभं केलं. आणि 'ब्लेड रनर'च्या १९८२ च्या आवृत्तीला निर्मात्यांनी जो सुखान्त चिकटवला, त्यातले डोंगररानाचे तुकडे खुद्द कुब्रिकच्या 'द शायनिंग'मधून उरलेल्या रिळांचे आहेत. दोन गट करून भांडणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो, कारण हे दोन चित्रपट परके नाहीतच.

बघण्याचा अनुभव मात्र दोन टोकांचा. 'स्पेस ओडिसी'त पहिला संवाद यायला पंचवीसेक मिनिटं लागतात. त्याआधी वाळवंट, आदिमानव आणि एक काळी शिळा. कुब्रिकनं अॅलेक्स नॉर्थकडून नवं संगीत करवून घेतलं होतं. ते बाजूला ठेवून त्यानं रिचर्ड स्ट्राउस, योहान स्ट्राउस आणि लिगेती यांच्या रचना वापरल्या. यानाबाहेरच्या दृश्यांत स्फोट नाहीत, इंजिनांची गुरगुर नाही. कधी हेल्मेटमधला श्वास ऐकू येतो, कधी तोही नाही. निर्वात पोकळीत आवाज प्रवास करत नाही हे शाळेत शिकलेलं वाक्य अंगावर काटा आणू शकतं, हे मला या चित्रपटानं दाखवलं. यानातलं गोल फिरणारं दालन दाखवायला ३८ फूट व्यासाचं, ३० टन वजनाचं चाक सेट म्हणून बांधलं होतं आणि ते खरोखर फिरायचं. संगणकावर चित्रं काढायचा तो काळच नव्हता, त्यामुळे पडद्यावर दिसतं ते कुणीतरी हातानं घडवलेलं आहे. आज इतक्या वर्षांनीही ते जुनं वाटत नाही.

'ब्लेड रनर' तुम्हाला असं ताटकळत ठेवत नाही. पहिल्याच दृश्यात रात्रीचं शहर, नोव्हेंबर २०१९, आणि मग पाऊस. गुन्हेगाराच्या मागावरचा थकलेला पोलीस, संशय घ्यावा अशी देखणी बाई, ओल्या गल्ल्या: जुन्या रहस्यपटांचा सगळा ऐवज इथं आहे, म्हणून नवा प्रेक्षक चटकन आत शिरतो. पळून आलेल्या रेप्लिकंटांना, म्हणजे हुबेहूब माणसासारख्या कृत्रिम माणसांना, हुडकून मारणं हे त्या पोलिसाचं, डेकार्डचं, काम. व्हँगेलिसचं सिंथेसायझरचं संगीत सबंध शहरावर धुक्यासारखं पसरलेलं असतं. कथानक म्हणाल तर बेताचंच, आणि मधला भाग रेंगाळतो. डेकार्ड त्या देखण्या बाईला, रेचेलला, दारात अडवून जबरदस्ती करतो ते दृश्य आज बघताना खटकतं, खटकायलाच हवं. 'स्पेस ओडिसी'त तर बायकांना करायला जवळपास काही ठेवलेलंच नाही. दोन्हींच्या भक्तांनी हे मान्य करावं.

पण या दोघांना शेजारी ठेवून बघायचं खरं कारण वेगळंच आहे. दोन्हींत माणसं कोरडी आहेत आणि जीव यंत्रात आहे.

'स्पेस ओडिसी'तले अंतराळवीर वाढदिवसाचा निरोप ऐकतानाही चेहरा हलू देत नाहीत. यानाचा संगणक हॅल मात्र बोलतो, शंका घेतो, दुखावला जातो, ओठांच्या हालचालींवरून चोरून संभाषण वाचतो. त्यानं खून केलेले असतात. तरीही अंतराळवीर बोमन एकेक स्मृतिखंड उपसून त्याला बंद करायला लागतो आणि तो आपल्याला भीती वाटते आहे असं सांगायला लागतो, तेव्हा आपण कुणाच्या बाजूनं असतो? डग्लस रेन या कॅनडाच्या नटाचा आवाज तिथं जराही चढत नाही, नुसता मंदावत जातो. हॅल शेवटी आपली जन्मतारीख सांगतो, १२ जानेवारी १९९२, आणि शिक्षकानं शिकवलेलं गाणं म्हणून दाखवतो. ते गाणंही उगाच निवडलेलं नाही: १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत संगणकाकडून गाऊन घेतलेलं 'डेझी बेल'च ते. कथेच्या काळात हॅल जेमतेम नऊ वर्षांचा आहे.

'ब्लेड रनर'मधल्या रॉय बॅटी या रेप्लिकंटाला चार वर्षांचं आयुष्य नेमून दिलेलं असतं. चित्रपटात त्याची निर्मितीची तारीख दिसते, ८ जानेवारी २०१६. म्हणजे तो चारही पुऱ्या वर्षांचा नाही. आपल्या निर्मात्यासमोर उभा राहून तो आणखी आयुष्य मागतो, आणि २००७ च्या आवृत्तीत त्याला 'फादर' म्हणतो. ते मिळत नाही. शेवटी पावसात, गच्चीवर, ज्यानं आपल्याला मारायचं त्यालाच तो वाचवतो, आपण काय काय पाहिलं ते चार ओळींत सांगतो आणि मान खाली घालतो. रॉय साकारणाऱ्या रुटगर हावरनं मूळ संहितेतलं लांबलचक भाषण चित्रीकरणाच्या आदल्या रात्री छाटलं आणि अश्रू पावसात मिसळून जातात ही ओळ स्वतःची घातली. नटानं लेखकाचे शब्द कापून प्रसंग वर नेल्याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

नऊ वर्षांचा हॅल, चार वर्षांचा रॉय. दोघंही वयानं मुलंच आणि दोघांचे मृत्यू हेच आपापल्या चित्रपटातले सर्वांत मानवी क्षण. रॉयच्या मरणात सांत्वन आहे. तो क्षमा करून जातो. हॅलच्या मरणात ते नाही. म्हणूनच 'ब्लेड रनर'नं मला रडवलं, पण झोप उडवली 'स्पेस ओडिसी'नं.

आता प्रभाव. इथं मी 'स्पेस ओडिसी'च्या भक्तांशी फारकत घेतो. कुब्रिकचं ऋण अफाट आहे, यात वाद नाही. 'स्टार वॉर्स'मधल्या यानांच्या प्रतिकृतींमागं ट्रम्बुलच्या हाताखाली तयार झालेला जॉन डायक्स्ट्रा होता, आणि 'इंटरस्टेलर' कुठून आला ते सांगायलाच नको. २०११ मध्ये अॅपल आणि सॅमसंगची टॅब्लेटवरून कोर्टबाजी चालू होती, तेव्हा सॅमसंगच्या वकिलांनी पुरावा म्हणून या चित्रपटातलं जेवणाचं दृश्य पुढं केलं, कारण अंतराळवीरांच्या टेबलावर चपटे पडदे ठेवलेले दिसतात! पण हे ऋण मुख्यतः कारागिरीचं आहे. त्याची शांतता, त्याची उत्तर न देण्याची जिद्द कुणी उचलू शकलं नाही, कारण ती उचलता येण्याजोगी नाही.

'ब्लेड रनर'चं शहर मात्र उचलता येतं. अंधार, निऑन, सततचा पाऊस, इमारतीएवढ्या जाहिराती, खाली रस्त्यावर नूडल्सचा ठेला आणि वरती उडत्या गाड्या. त्याची काही रेखाटनं सिड मीडची, काही उसनवारी १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'ची. चित्रपट १९८२ मध्ये 'ई.टी.'च्या लाटेत आपटला. त्याच सुमारास आपली पहिली कादंबरी लिहीत असलेला विल्यम गिब्सन तो बघता बघता अर्ध्यातून उठून गेला, आपल्या मनातलं जग पडद्यावर आधीच आलं म्हणून. ती 'न्यूरोमॅन्सर' पुढे १९८४ मध्ये आली. मग जपानी अॅनिमे 'घोस्ट इन द शेल', मग व्हिडिओ गेम आणि जाहिराती. आज कुणालाही भविष्यातलं शहर काढायला सांगा, तो नकळत रिडली स्कॉटचं शहर काढतो. कित्येकांनी चित्रपट पाहिलेलासुद्धा नसतो. म्हणून श्रेष्ठ कोणता असं विचारलंत तर 'स्पेस ओडिसी', प्रभावी कोणता असं विचारलंत तर 'ब्लेड रनर'. हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे अर्धी भांडणं होतात.

निवडताना आवृत्तीकडे मात्र नीट लक्ष द्या. 'ब्लेड रनर'च्या बऱ्याच आवृत्त्या आहेत आणि त्यांतली २००७ ची 'फायनल कट', सुमारे दोन तासांची, तीच बघा. १९८२ च्या आवृत्तीत डेकार्ड झालेल्या हॅरिसन फोर्डच्या आवाजातलं निवेदन आहे. जे डोळ्यांना दिसतं आहे तेच ते कानात सांगत बसतं. १९९२ च्या आवृत्तीनं ते निवेदन आणि सुखान्त दोन्ही काढले. डेकार्ड स्वतःच रेप्लिकंट आहे का, हा चाहत्यांचा लाडका वादही तिथल्या एकशिंगी घोड्याच्या स्वप्नानंतरच पेटला. 'स्पेस ओडिसी'ची ही भानगड नाही. पहिल्या खेळांनंतर कुब्रिकनंच १९ मिनिटं कापली आणि विषय संपवला.

घरी, नेहमीच्या टीव्हीवर, आठवड्याभराच्या थकव्यानंतर बघणार असाल तर 'ब्लेड रनर' घ्या. तो छोट्या पडद्यावरही धरून ठेवतो. कॉलेजातल्या मुलांबरोबरही तोच. शाळकरी मुलं बरोबर असतील तर तो नको, हिंसा बरीच आहे. 'स्पेस ओडिसी' एखाद्या महोत्सवात किंवा फिल्म सोसायटीत मोठ्या पडद्यावर लागल्याचं कळलं, तर मात्र क्रम विसरा आणि त्या दिवशी रजा टाका. छोट्या पडद्यावर तो अर्धाच पोचतो, आणि एकदा कंटाळवाणा म्हणून शिक्का बसला की लोक वर्षानुवर्षं त्याच्याकडे परत वळत नाहीत.

घरी बघायचाच ठरवलात तर दिवे मालवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीला पडदा तीनेक मिनिटं पूर्ण काळा राहतो आणि लिगेतीचे सूर वाजत राहतात. टीव्ही बिघडलेला नसतो. रिमोटला हात लावू नका.